वाट कोणी पाहायची?



आपल्या बॅचने शाळेला बारा जुने लॅपटॉप दिले. त्यांवर लिनक्स घालून द्यायचं काम माझ्याकडे आलं. त्यात माझं काय चुकलं, तेवढंच आज सांगते.

बहुतेकांच्या हार्ड डिस्क गेल्या होत्या, म्हणून लिनक्स ८ जीबीच्या पेनड्राइव्हवरून चालवायचं ठरवलं. अशा वेळी सगळी प्रणाली ‘स्क्वॉशएफएस’ या फाइल सिस्टिममध्ये दाबून बसवतात. ती फक्त वाचता येते, त्यामुळे मुलांनी काहीही खटपट केली तरी मूळ प्रणाली शाबूत राहते. दाबायची पद्धत मात्र आपण निवडायची. मी ‘एक्सझेड’ निवडली, कारण तिच्यात फाइल सर्वांत लहान होते. उरलेल्या जागेत मराठी पुस्तकं भरली. माझ्या नव्या लॅपटॉपवर सगळं झकास चाललं.

शाळेत पहिल्याच तासाला बाईंचा फोन आला. “अगं, तास पस्तीस मिनिटांचा असतो. मुलं अजून पडद्याकडेच बघतायत!”

दाबलेली फाइल वापरताना दर वेळी उलगडावी लागते आणि ते काम प्रोसेसर करतो. एक्सझेडचं उलगडणं कष्टाचं. जुना प्रोसेसर दमतो. त्यात मी ब्लॉक १ एमबीचा ठेवला होता, म्हणजे चिमूटभर माहितीसाठीही अख्खा ब्लॉक उलगडायचा.

मग ‘एलझेड४’ करून पाहिली. ती उलगडते झटकन, पण फाइल फुगते. पुस्तकं बाहेर काढावी लागली असती आणि मंद पेनड्राइव्हवरून जास्त वाचावं लागलं असतं ते वेगळंच.

शेवटी ‘झेडस्टँडर्ड’वर थांबले. एलझेड४ लिहिणाऱ्या यान कोले यांचीच ही पद्धत. २०१६ मध्ये आली आणि २०१७ पासून लिनक्सच्या कर्नेलमध्ये स्क्वॉशएफएसला चालते. फाइल एक्सझेडपेक्षा थोडी मोठी होते, पण उलगडते कितीतरी वेगाने. शिवाय दाबण्याची पातळी वाढवली तर दाबायला वेळ लागतो, उलगडायला फारसा फरक पडत नाही. मी पातळी १९ ठेवली, ब्लॉक १२८ केबीचा केला आणि मशीन रात्रभर चालू ठेवून झोपले. पुस्तकंही मावली.

मी ‘फाइल किती लहान होते?’ एवढंच विचारलं होतं. ‘वाट कोणी पाहायची?’ हा प्रश्न आधी विचारायला हवा होता. दाबायचं एकदाच, माझ्या घरी; उलगडायचं रोज, मुलांसमोर. मग वेळ माझाच जायला हवा. आणि तपासायचं ते शाळेतल्या सर्वांत जुन्या लॅपटॉपवर.

आता एक विनंती. घरात पडलेला लॅपटॉप द्याल तर चार्जरसकट द्या. बारांपैकी तीन अजून चार्जरअभावी कपाटात आहेत.