पंधरा जानेवारीचं मैदान



लोणावळ्याच्या या व्याख्यानमालेच्या आयोजकांनी मला १५ जानेवारी ही तारीख दिली आणि विषय माझ्यावर सोपवला. मी तारखेलाच विषय केलं आहे. ऑलिंपिकवीर खाशाबा जाधव यांचा जन्म १९२६ साली याच दिवशी कराडजवळच्या गोळेश्वरला झाला. आता महाराष्ट्रात हा दिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा होतो. अमेरिकेत ज्या खेळापायी लोक वेडे होतात, त्या अमेरिकन फुटबॉलच्या इतिहासातही ही तारीख पुन्हा पुन्हा येते. आपल्या मावळ तालुक्यातली कितीतरी मुलं आज तिकडे नोकरीला आहेत. नातवंडं व्हिडिओ कॉलवर या खेळाबद्दल भरभरून बोलतात आणि आजी-आजोबा नुसती मान डोलावतात. म्हणून आधी खेळ थोडक्यात सांगतो.

मैदान शंभर यार्डांचं. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि पायापेक्षा हातातच जास्त. चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार संधी मिळतात. समोरचे त्यांना पकडून पाडतात. चेंडू घेऊन शेवटची रेषा ओलांडली की टचडाऊन, म्हणजे सहा गुण. पकड, झेप, रेटारेटी आणि डोकं, सगळंच लागतं. कुस्ती-कबड्डीवर वाढलेल्या माणसाला हा खेळ कळायला अवघड नाही.

१५ जानेवारी १९६७. लॉस एंजेलिसचं कोलिझियम मैदान. दोन प्रतिस्पर्धी लीगचे विजेते पहिल्यांदाच समोरासमोर आले होते. ग्रीन बे पॅकर्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स. पुढे जगभर गाजलेल्या सुपर बोलचा हा पहिला सामना. प्रेक्षक आले ६१,९४६ आणि जवळजवळ एक तृतीयांश जागा रिकाम्या राहिल्या. दोन्ही लीगचे चेंडू वेगवेगळे होते, म्हणून ज्या संघाची चढाई असेल त्याचा चेंडू वापरायचा असं ठरलं.

पॅकर्सकडे मॅक्स मॅगी नावाचा चौतीस वर्षांचा खेळाडू होता. अख्ख्या हंगामात त्याने चारच झेल घेतले होते. आपल्याला कोण खेळवतंय, असं समजून आदली रात्र त्याने बाहेर मौजेत घालवली. सामना सुरू होऊन थोडा वेळ झाला आणि बॉइड डाउलरचा खांदा दुखावला. मॅगीला हाक आली. त्याला स्वतःचं हेल्मेट सापडेना, दुसऱ्याचं घालून तो उतरला. बार्ट स्टारने फेकलेला चेंडू त्याच्या मागे पडत होता. मॅगीने धावता धावता एक हात मागे टाकला, चेंडू तळव्यावर अडकवला आणि तसाच रेषेपार गेला. सुपर बोलच्या इतिहासातला हा पहिला टचडाऊन. दिवसअखेर त्याच्या नावावर सात झेल आणि दोन टचडाऊन होते. पॅकर्स ३५-१० असे जिंकले.

हा सामना दोन वाहिन्यांनी दाखवला, पण त्या काळी टेप महाग असायच्या. दोघांनीही टेप पुसून पुन्हा वापरल्या. पुढे लीगच्या चित्रपट विभागाने कॅमेऱ्याच्या फिल्ममधून एकेक तुकडा हुडकला, सगळे १४५ डाव ओळीने जुळवले आणि १५ जानेवारी २०१६ रोजी तो सामना पुन्हा दाखवला. हरवलेला सामना असा ओळीने जुळवायला कुठल्या डावात कोण किती यार्ड गेला याची लेखी नोंद लागते, आणि ती शाबूत होती. मला या सामन्यातली सर्वांत मोठी गोष्ट हीच वाटते.

१९७८ च्या १५ जानेवारीला बंदिस्त छताखालचा पहिला सुपर बोल झाला. डॅलस काउबॉइजने डेन्व्हरला २७-१० असं हरवलं आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान दोघांना विभागून मिळाला. तसं पुन्हा घडलेलं नाही.

आता अलीकडचा क्षण. १५ जानेवारी २०२३, सिनसिनाटी. बाद फेरीचा सामना, १७-१७ अशी बरोबरी. बाल्टिमोरचा हंटली रेषेपासून एका यार्डावर. कबड्डीत चढाईपटू पकडीत सापडला की बोटांची टोकं मध्यरेषेला लागावीत म्हणून सगळं अंग ताणतो ना, तसा त्याने गर्दीवरून चेंडू पुढे ताणला. सिनसिनाटीच्या लोगन विल्सनने तो उडवला आणि चेंडू थेट सॅम हबर्डच्या हातात आला. हबर्ड त्याच शहरात वाढलेला, वजन सुमारे १२० किलो, काम धावण्याचं नव्हे तर अडवण्याचं. तो धावत सुटला. मागे बाल्टिमोरचा अँड्र्यूज, बाजूला स्वतःचे सहकारी, आणि पुढे सगळं मैदान मोकळं. ९८ यार्ड! सिनसिनाटी २४-१७ ने जिंकलं.

त्याच दिवशी गूगलने मुखपृष्ठावर आपल्या खाशाबांचं चित्र लावलं होतं.

खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले तेव्हा मॅटवरची कुस्ती त्यांना नवी होती. तरी सहावा क्रमांक मिळवला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे नव्हते. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. तिथे कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल खाशाबांनी हरवले. जपानच्या इशीईशी कुस्ती पंधरा मिनिटांवर चालली आणि ती गेली. लगेच सोव्हिएत मल्लाशी लढायला बोलावणं आलं. नियमाने अर्ध्या तासाची विश्रांती मिळायला हवी होती, पण ती मागायला तिथे एकही भारतीय पदाधिकारी हजर नव्हता. तरीही २३ जुलै १९५२ रोजी स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक त्यांना मिळालं. त्यानंतर दुसऱ्या वैयक्तिक पदकासाठी देशाला १९९६ पर्यंत थांबावं लागलं. खाशाबांना अर्जुन पुरस्कार मिळाला तोही मृत्यूनंतर सोळा वर्षांनी, २००० साली. मला याची खंत वाटते आणि ती मी उघड बोलतो.

आता आपल्याकडे येतो. मावळात गावोगाव जत्रेचा आखाडा भरतो. हलगी कडाडते, रेवड्यांवरच्या कुस्त्यांनी सुरुवात होते आणि शेवटची नेमलेली कुस्ती बघायला पंचक्रोशी लोटते. ढाक कुणी मारली, कुणाची पाठ लागली, यावर आठवडाभर चर्चा रंगते. मग सगळं विरून जातं. पन्नास वर्षांपूर्वी आपल्याच गावच्या जत्रेत शेवटची कुस्ती कुणी मारली, हे किती गावांत लिहिलेलं सापडेल? अमेरिकेचे खेळाडू आपल्या मल्लांपेक्षा थोर आहेत असं नाही. त्यांच्या मैदानाच्या कडेला वही घेऊन बसणारा माणूस आहे, आपल्याकडे ती जागा रिकामी आहे.

सभागृहात यात्रा कमिटीची मंडळी बसलेली दिसतात. त्यांना हात जोडून सांगतो, यंदाच्या चैत्रात आखाड्याशेजारी एक टेबल मांडा आणि शाळेतल्या दोन मुलांना वही द्या. मल्लाचं नाव, गाव, वस्ताद, डाव, इनाम आणि तारीख, एवढं लिहिलं तरी पुरे. आणि ज्यांच्या घरात जुने पैलवान आहेत त्यांनी जत्रेची वाट पाहू नका. याच आठवड्यात त्यांच्याजवळ बसा, विचारा आणि लिहून काढा.