घरची शाळा आणि संसाराची धावपळ

(औंध येथे ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



‘मुलांचे घरचे शिक्षण’ या विषयावर चार शब्द बोलावेत अशी चिटणिसांनी आम्हांस आज्ञा केली, ती आम्ही मोठ्या संकोचाने मान्य केली. संकोचाचे कारण असे की, जन्मभर आम्ही शाळेत शिकविले. परंतु घरी शिकविण्याचा प्रसंग आला तेव्हा आम्ही साफ नापास झालो. ती हकीकतच आज सांगावी, म्हणजे तरुण आईबापांस तिचा काही उपयोग होईल, असे आम्हांस वाटते.

मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या. आमचे चिरंजीव व सूनबाई दोन्ही मुलांसह पुण्याहून औंधास आले. दोघांच्याही नोकऱ्या घरून चालू होत्या. नात आठ वर्षांची, नातू तीन वर्षांचा. आम्हांस वाटले, आता आपल्या अनुभवाचे चीज होणार! आम्ही एक मोठा तक्ता तयार केला. सकाळी आठ वाजता गणित, पाऊण तासाने मराठी, मग इंग्रजी, मग परिसर अभ्यास. तास संपला की पितळेची थाळी वाजवावयाची. दुपारचे दोन तास सूनबाईंकडे, रात्रीचा गृहपाठ चिरंजीवांकडे. घराची हुबेहूब शाळा झाली.

तीन आठवडे हा प्रकार चालला. चिरंजीव कचेरीच्या कामाचे बोलत असावेत आणि इकडे थाळी वाजावी. धाकट्याने वहीवर पाणी ओतावे. सूनबाईंचे काम रात्री एक वाजेपर्यंत लांबावे. अखेर एका संध्याकाळी त्या शांतपणे म्हणाल्या, “अण्णा, नोकरी आहे, स्वयंपाकपाणी आहे, ही तिसरी नोकरी आता माझ्याच्याने होत नाही.” त्याच आठवड्यात नातीच्या उशाशी नेहमी असणारे गोष्टींचे पुस्तक आम्हांस धान्याच्या कोठीमागे सापडले. तिनेच ते लपविले होते. कारण विचारले तर म्हणाली, “मी वाचताना दिसले की तुम्ही लगेच प्रश्न विचारता.” इतक्या वर्षांच्या मास्तरकीची आमची सारी प्रौढी त्या एका वाक्याने उतरली. वाचनाची आवड असलेली मुलगी आमच्या हातून पुस्तकापासून दूर चालली होती!

दुसऱ्या दिवशी तक्ता भिंतीवरून उतरविला आणि आपले चुकले कोठे याचा विचार केला. घंटा, तास, हजेरी ही तीस-चाळीस मुले एकत्र सांभाळण्याची साधने आहेत. शाळेत ती अवश्य हवीत. परंतु जेथे मूल एक आणि आईबाप कामात गढलेले, तेथे ती साधने आणणे म्हणजे चार माणसांच्या स्वयंपाकाला लग्नाचा हंडा चढविण्यासारखे आहे.

मग उपाय कोणता? तो शोधण्यास आम्हांस फार दूर जावे लागले नाही. औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा प्रसार केला, संस्थानच्या शाळांतून ते सुरू केले आणि स्वतःही ते नित्यनेमाने घालीत. या व्यायामाला आखाडा लागत नाही, साहित्य लागत नाही. अंग पसरण्यापुरती जागा आणि थोडा वेळ पुरतो. मात्र खंड पडता कामा नये. यावरून आम्ही पहिला नियम घेतला : थोडे, पण रोज. सकाळी चहानंतर वीस मिनिटे गणित आणि वीस मिनिटे लेखन. बाकी सर्व विषय तक्त्यातून गेले.

दुसरा धडा पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर यांचा. पंडितजींचे स्वाध्याय मंडळ औंधास अनेक वर्षे होते. १९४८ नंतर ते गुजरातेत पारडीस गेले. गुरू जवळ नसला तरी माणसाला घरच्या घरी संस्कृत शिकता यावे, म्हणून त्यांनी ‘संस्कृत स्वयं-शिक्षक’ लिहिले. शिकणाऱ्याच्या हाती त्याला पेलेल एवढाच पाठ द्यावा आणि मग त्याला एकटे सोडावे, हे त्यातील मर्म. नातीचे पुस्तक आम्ही तिला परत दिले आणि प्रश्न विचारणे बंद केले. आईबापांनी सतत शेजारी बसलेच पाहिजे असे नाही, हे आम्हांस उतारवयात कळले.

तिसरा धडा मात्र औंधच्या बाहेरचा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले. गरीब वस्तीतील मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. पुढे कोसबाड येथे अनुताई वाघ यांच्यासह काम करताना, आदिवासी मुले गुरे राखावयास जातात म्हणून शाळा कुरणात भरविली. कामाला जुंपलेल्या कुटुंबाला त्यांनी दोष दिला नाही. शिक्षणच त्याच्या दाराशी नेले. आमच्या घरीही तसेच झाले. सूनबाई भाकऱ्या करीत तेव्हा नात पिठाची मापे मोजी. किराणा आला की हिशेब ती तपाशी. रविवारी यमाईच्या डोंगराच्या पायऱ्या मोजीत आम्ही वर जात असू. पुढे श्रीभवानी वस्तुसंग्रहालय पुन्हा पाहता येऊ लागल्यावर एकेका खेपेस एकच चित्र पाहावयाचे, असा आम्ही नेम केला.

याचे फळ काय? काही महिन्यांनी एका दुपारी नात धाकट्या भावाला मोठ्याने गोष्ट वाचून दाखविताना आढळली. कोणी सांगितले नव्हते. सूनबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. भागाकारात मात्र ती मागे पडली होती, हेही कबूल केले पाहिजे. ती उणीव शाळा उघडल्यावर तिच्या बाईंनी भरून काढली.

म्हणूनच शाळा सोडवा असा उपदेश आम्ही करीत नाही. सहा ते चौदा वर्षांच्या मुलांच्या शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने मान्य झाला आहे; तो हलक्या हाताने सोडू नये. तरीही विचारपूर्वक ज्यांनी घरचा मार्ग धरला असेल, त्यांच्या मुलांस दहावीची परीक्षा १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या देता येते किंवा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेकडून देता येते. त्याची चौकशी वेळीच करावी, दहावीच्या तोंडावर नव्हे. मूल शाळेत जावो वा घरी शिको, घरच्या शिक्षणाची रीत आईबापांच्या कामाकडे पाहून ठरवावी. जी रीत आईला रडविते आणि मुलाला पुस्तक लपवावयास लावते, ती कितीही शास्त्रशुद्ध असली तरी त्या घरची नव्हे.

आपल्या ज्ञातीतील वडीलधाऱ्यांना एवढेच सांगणे आहे की, तरुण जोडप्यांस तक्ते करून देऊ नका. त्यांच्या धावपळीतला अर्धा तास आपण उचला. नातवंडांसह डोंगर चढा, हिशेब त्यांच्याकडून करून घ्या, आणि ती वाचीत असतील तेव्हा कृपा करून गप्प बसा. थेंबे थेंबे तळे साचे, हे आम्ही वर्गात कैक वेळा फळ्यावर लिहिले. अर्थ घरी कळला.