प्रमाणपत्र भिंतीवर, गुणवत्ता कोठे?

(व्याख्यानाचे शब्दांकन)



भोसरी असो, सातपूर असो वा गोकुळ शिरगाव, औद्योगिक वसाहतीतील एखाद्या मध्यम कारखान्यात पाऊल टाकले की स्वागतकक्षाच्या भिंतीवर एक चौकट हमखास दिसते. 'आयएसओ ९००१' ही अक्षरे तीत ठळकपणे छापलेली असतात. शेजारी गुणवत्तेविषयीचे धोरण मराठी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत टांगलेले असते. या प्रमाणपत्राने कामात नेमके काय बदलले, असे मालकाला विचारावे, तर पुष्कळदा उत्तर प्रामाणिक मिळते: मोठ्या कंपनीची ऑर्डर मिळवायला ते लागते.

ऑडिटची तारीख जवळ आली की अशा ठिकाणी एक विलक्षण दृश्य पाहावयास मिळते. आदल्या रात्री दिवे उशिरापर्यंत जळतात, तीन महिन्यांची रजिस्टरे एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरली जातात. दुसऱ्या दिवशी सर्व रकाने भरलेले असतात, सर्व आकडे मर्यादेत असतात, आणि प्रमाणपत्राचे नूतनीकरण होते. माल मात्र पूर्वीसारखाच परत येत राहतो.

दुसरीकडे याच नियमांच्या आधाराने काही संस्थांनी आपला कायापालट घडविला आहे. चौकट तीच, रजिस्टरेही तीच. मग फळ इतके भिन्न का? आजच्या विवेचनाचा विषय हा आहे.

एका पानाचे टिपण

या शास्त्राचा उगम शोधताना १९२४ सालापर्यंत मागे जावे लागते. अमेरिकेतील बेल टेलिफोनच्या परिवारात वॉल्टर शूहार्ट नावाचे पदार्थविज्ञानाचे अभ्यासक काम करीत होते. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना सुमारे एका पानाचे टिपण दिले. त्यात एक साधा आलेख होता. मध्ये एक रेषा, वर आणि खाली मर्यादेच्या रेषा, आणि त्यांच्या दरम्यान मोजमापांचे ठिपके. आज जगभर 'कंट्रोल चार्ट' म्हणून ओळखला जाणारा आलेख तो हाच.

त्यामागील विचार मूलगामी होता. एकाच यंत्रावर, एकाच हाताने केलेल्या दोन वस्तू कधीही तंतोतंत सारख्या नसतात. हा फरक दोन प्रकारचा असतो. एक फरक व्यवस्थेच्या अंगचाच असतो. यंत्राची झीज, कच्च्या मालातील तफावत, हवेतील उष्णता अशा असंख्य बारीक कारणांतून तो उपजतो. दुसरा फरक एखाद्या विशिष्ट घटनेमुळे येतो: हत्यार तुटले, नवा माणूस बसला, चुकीचा माल आला. दुसऱ्या प्रकारचे कारण जागेवर शोधून दूर करता येते. पहिल्या प्रकारचा फरक कमी करायचा, तर व्यवस्थाच बदलावी लागते आणि तो अधिकार कामगाराकडे नसतो.

हा भेद न ओळखल्यास काय घडते? समजा, एक कारागीर लेथवर २० मिलिमीटर व्यासाची पिन काढतो आहे. एक पिन किंचित जाड निघाली म्हणून तो सेटिंग मागे घेतो. पुढची थोडी बारीक निघते, म्हणून तो ते पुढे नेतो. प्रत्येक नगामागे असा हात लावल्याने पिना अधिक सारख्या होत नाहीत. उलट त्यांच्यातील तफावत वाढते. यंत्राच्या स्वाभाविक चढउतारात माणसाने आपला चढउतार मिसळलेला असतो. दर महिन्याचा आकडा पाहून या महिन्यात शाबासकी आणि पुढच्या महिन्यात फटकार देणारा अधिकारी हेच करीत असतो. फरक इतकाच की त्याच्या हाताखाली लेथऐवजी माणसे असतात.

विद्या भारतात आली होती

हे ज्ञान भारतात उशिरा पोहोचले असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ साली कोलकात्यात भारतीय संख्याशास्त्र संस्था स्थापन केली आणि त्यांच्याच निमंत्रणावरून स्वतः शूहार्ट १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले. शूहार्ट यांना गुरुस्थानी मानणारे एडवर्ड्स डेमिंग यांची जपानमधील प्रसिद्ध व्याख्याने १९५० च्या उन्हाळ्यात झाली. म्हणजे जपानने डेमिंग यांना ऐकण्यापूर्वीच या विद्येचा मूळ पुरुष भारताच्या भूमीवर येऊन गेला होता.

मग अंतर कोठे पडले? डेमिंग यांनी अमेरिकेत एक गोष्ट अनुभवली होती. युद्धकाळात हजारो अभियंत्यांना संख्याशास्त्रीय गुणनियंत्रण शिकविण्यात आले. परंतु त्यांचे वरिष्ठ या विषयापासून दूरच राहिले आणि युद्ध संपताच ते शिक्षण विरून गेले. म्हणून जपानमध्ये अभियंत्यांबरोबरच उद्योगांच्या सर्वोच्च प्रमुखांशी बोलणे झाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. जपानी शास्त्रज्ञ व अभियंता संघाचे अध्यक्ष इचिरो इशिकावा हे त्या वेळी उद्योगपतींच्या महासंघाचेही प्रमुख होते. त्यांच्या शब्दाला मान देऊन कारखान्यांचे धुरीण श्रोत्यांत येऊन बसले. आपल्या व्याख्यानांच्या पुस्तकाचे मानधन डेमिंग यांनी स्वीकारले नाही. त्यातूनच १९५१ साली 'डेमिंग पारितोषिक' सुरू झाले.

भारतात ही विद्या प्रामुख्याने तज्ज्ञांच्या कक्षेत राहिली. परवान्यांच्या बंदिस्त बाजारात मालकाला तिची निकडही नव्हती. स्कूटरसाठी नाव नोंदवून ग्राहक वर्षानुवर्षे थांबत असे, तेथे स्कूटरमधील दोषांची चिंता उत्पादकाने का करावी?

दोरी आणि तिच्यामागचे मन

गुणवत्तेच्या व्यवस्थेचे मर्म समजण्यास टोयोटाच्या कारखान्यातील एक दोरी पुरेशी आहे. टोयोटा परिवाराचे मूळ पुरुष साकिची तोयोदा यांनी असा स्वयंचलित माग बनविला होता, की धागा तुटताच तो आपोआप थांबे. पुढे मोटारींच्या कारखान्यात हेच तत्त्व माणसाच्या हाती देण्यात आले. जुळणीच्या मार्गावर काम करणाऱ्याला दोष दिसला, की त्याने डोक्यावरची दोरी ओढावी. दिवा लागतो, गटनायक धावत येतो. ठरलेल्या वेळेत अडचण सुटली नाही, तर सारी लाइन थांबते. म्हणजे अगदी साधा कामगारही संपूर्ण उत्पादन थांबवू शकतो.

या दोरीची खरी कसोटी अमेरिकेत लागली. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथील जनरल मोटर्सचा कारखाना गैरहजेरी, भांडणे आणि सदोष गाड्या यांसाठी कुप्रसिद्ध होता. काही झाले तरी लाइन थांबवायची नाही, हा तेथील अलिखित कायदा. दोष दिसला तरी गाडी पुढे जाई आणि आवारात नादुरुस्त गाड्यांची रांग लागे. १९८२ मध्ये हा कारखाना बंद पडला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जनरल मोटर्स यांनी संयुक्तपणे तो पुन्हा सुरू केला. कामगार बहुसंख्येने जुनेच होते, त्यांची संघटनाही जुनीच होती. त्यांच्यापैकी शेकडो जणांना प्रशिक्षणासाठी जपानला पाठविण्यात आले. थोड्याच काळात याच हातांतून निघालेल्या गाड्या जनरल मोटर्सच्या उत्तम गाड्यांत गणल्या जाऊ लागल्या. 'आमची माणसेच तशी आहेत' या लाडक्या सबबीला याहून सडेतोड उत्तर नाही.

कथेचा उत्तरार्धही तितकाच बोधप्रद आहे. हीच पद्धत व्हॅन नाइस येथील दुसऱ्या कारखान्यात नेण्याचा प्रयत्न झाला. पण तेथे लाइन थांबविणाऱ्यावर वरिष्ठ संतापत, कारण त्यांचे मूल्यमापन निघालेल्या गाड्यांच्या संख्येवर होत होते. साधन आले, त्यामागचे मन आले नाही. १९९२ मध्ये तो कारखाना बंद झाला.

पाच वेळा 'का?'

आयएसओ ९००० ही मानके प्रथम १९८७ साली प्रसिद्ध झाली. पुढे १९९४, २०००, २००८ आणि २०१५ साली त्यांत सुधारणा झाल्या. शब्द बदलले, तरी गाभा सोपा आहे. काम कसे करायचे ते ठरवावे आणि लिहावे. लिहिल्याप्रमाणे करावे. जे घडले त्याची खरी नोंद ठेवावी. जेथे चूक झाली तेथे तिचे मूळ शोधून ते दूर करावे आणि ते खरोखर दूर झाले की नाही हे पुन्हा तपासावे. २०१५ च्या आवृत्तीने तर जाडजूड गुणवत्ता-पुस्तिकेची सक्तीही काढून टाकली. कागद वाढविणे हा मानकाचा हेतू नव्हता, हे यावरून स्पष्ट व्हावे.

मूळ शोधण्याची रीतही साधी आहे: उत्तर मिळाले तरी पुन्हा 'का?' विचारावे. ग्राहकाकडून माल परत आला. का? पिनेचा व्यास चुकला. का? गेज चुकीचे माप दाखवीत होते. का? त्याचे कॅलिब्रेशन झाले नव्हते. का? ते बाहेर पाठविले तर काम थांबले असते, कारण दुसरे गेज नव्हते. का? दुसऱ्या गेजची मागणी दोनदा वर गेली आणि दोन्ही वेळा फेटाळली गेली.

पहिल्याच प्रश्नावर थांबले असते, तर कारागिराला मेमो मिळाला असता. पाचव्या प्रश्नाला उत्तर देण्याची पाळी मालकावर येते. बहुतेक संस्थांत चौकशी दुसऱ्या 'का'पाशीच संपते, त्याचे कारणही येथेच आहे. बहुतांश दोषांचे उत्तरदायित्व व्यवस्थेवर आणि पर्यायाने व्यवस्थापनावर असते, असे डेमिंग अखेरपर्यंत सांगत राहिले. ते ऐकण्याची तयारी असेल, तरच या चौकटीचा उपयोग आहे.

कोबेचा धडा

एवढी परंपरा असलेला जपानही या रोगापासून मुक्त राहिला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये कोबे स्टील या नामांकित कंपनीने जाहीर कबुली दिली, की ॲल्युमिनियम व तांब्याच्या उत्पादनांच्या चाचण्यांचे आकडे बदलून माल ग्राहकांना पुरविला जात होता. हा माल ५०० हून अधिक ग्राहकांकडे गेला होता. चौकशीत काही प्रकारांचे धागे १९७० च्या दशकापर्यंत मागे गेले. प्रमाणपत्रे होती, चाचण्या होत होत्या, तक्तेही भरले जात होते. परंतु नफ्याचे आणि वेळेत माल देण्याचे दडपण इतके होते, की खरा आकडा वर जाऊ शकला नाही. पिढ्यान्‌पिढ्या मिळविलेली पत काही दिवसांत धुळीला मिळाली.

खोटी नोंद ही नोंदच नसण्यापेक्षा घातक असते. नोंद नसेल तर माणूस निदान सावध राहतो. खोट्या नोंदीवर तो निश्चिंत झोपतो.

येथेही घडले आहे

हे सारे परदेशातच शक्य आहे, असे म्हणण्यास आता जागा उरलेली नाही. १९८० साली हैदराबादजवळील भेलच्या कारखान्यात 'क्वालिटी सर्कल' सुरू झाली आणि कामगारांनी स्वतः एकत्र बसून आपल्या कामातील अडचणी सोडविण्याची प्रथा देशभर पसरली. १९९८ मध्ये सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाने डेमिंग पारितोषिक मिळविले. हा मान मिळविणारी ती पहिली भारतीय कंपनी. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला ते मिळाले, ज्याचे कारखाने कांदिवली आणि नागपूर येथेही होते. २००८ मध्ये टाटा स्टीलने तो मान संपादन केला. अशा कंपन्यांना ही पारितोषिके एका रात्रीत मिळालेली नाहीत. त्यामागे अनेक वर्षांची तयारी होती, जपानी तज्ज्ञांकडून आपले दोष ऐकून घेण्याची सोशिकता होती, आणि वरिष्ठांनी स्वतः कारखान्याच्या फरशीवर उभे राहून पाहण्याची सवय होती.

प्रश्न केवळ कारखान्यांचा नाही

हा विषय यंत्रांपुरता आहे असे समजून कोणी घरी जाऊ नये. पतपेढीतील थकलेले कर्ज कागदोपत्री नवे करून दाखविले जाते, शाळेत हजेरीपट भरलेला आणि वर्ग रिकामा असतो, रुग्णालयात औषधाची चूक झाकली जाते. ही सारी न ओढलेल्या दोरीची उदाहरणे आहेत. सामाजिक संस्थांनीही स्वतःला तपासावे. वरून संख्या मागितली की खालून संख्या येते. कार्यक्रमास चाळीस माणसे असतात आणि वृत्तात शंभर होतात. त्यात कोणाचा वाईट हेतू असतो असे नाही. पण त्या शंभरांच्या भरवशावर पुढच्या वर्षाची योजना आखली जाते, आणि ती कोसळते तेव्हा दोष मात्र कार्यकर्त्याच्या माथी येतो.

म्हणून प्रमुखपदी असलेल्या प्रत्येकाने, मग तो कारखानदार असो, मुख्याध्यापक असो, संस्थेचा चिटणीस असो वा कुटुंबप्रमुख, स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. गेल्या महिन्यात वाईट बातमी घेऊन कोण आले? ती ऐकताना आपला चेहरा कसा झाला? आणि त्या माणसाला पुढे काय मिळाले?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'कोणीही आले नाही' असे असेल, तर सर्व काही उत्तम चालले आहे असे कृपा करून समजू नये. बहुधा दोरी आहे, पण तिला हात लावण्याची कोणाची छाती होत नाही. भिंतीवरची चौकट ऑडिटर तपासतो, रजिस्टरे ऑडिटर पाहतो. मात्र हाताखालच्या माणसाच्या मनातील भीती तपासण्याचे काम प्रमुखाचे स्वतःचे आहे, आणि त्याचे नूतनीकरण तीन वर्षांनी करून भागत नाही. ते रोज करावे लागते.