लोकल की बस? बेळ्ळंदूरच्या कष्टकऱ्यांचा प्रश्न

(बेळ्ळंदूर येथे मराठी भाषिक कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘उपनगरीय प्रवासी’ हा शब्द भाषांतराच्या कामात रोज माझ्यापुढे येतो. मुंबईच्या कामगाराला मात्र तो कधी लागला नाही. ‘माझा पास आहे’ एवढे म्हणून तो मोकळा होतो. लोकल आणि बस यांची तुलना करावयाची तर ती या पासापासूनच सुरू केली पाहिजे.

मुंबईच्या लोकलचा मासिक पास सुमारे १५ एकेरी प्रवासांच्या भाड्यावर आकारला जातो. महिन्याचे पंचवीस दिवस जाऊन-येऊन पन्नास प्रवास होतात. म्हणजे कामगार जेमतेम तिसऱ्या हिश्श्याचे भाडे भरतो. जून २०१४ मध्ये ही आकारणी ३० प्रवासांवर नेण्याचा निर्णय रेल्वेने जाहीर केला. महाराष्ट्रात असंतोष उसळला, विधानसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या, आणि काही दिवसांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला. कल्याण-विरारला राहून मुंबईत राबणे ज्यामुळे शक्य होते, तो हा पास होय.

आता बेळ्ळंदूरकडे वळू. येथील काचेच्या इमारतींत झाडलोट करणारे, रखवालदार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया यांचा आधार म्हणजे बाह्य वर्तुळमार्गावरील बस. बसचे गुण नाकारण्याचे कारण नाही. ती हुकूम निघताच सुरू करता येते आणि वस्तीच्या तोंडाशी थांबते. ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेत कर्नाटकातील स्त्रियांना साध्या बसमध्ये तिकीट लागत नाही. मोलकरणीच्या पगारात ही खरीखुरी वाढ होय. (बेळगावची मराठी भगिनी यात बसते, सोलापूरहून आलेली मात्र ओळखपत्रावर येथील पत्ता येईपर्यंत बसत नाही.) परंतु फुकट बसलाही रस्ता लागतो, आणि रस्ता मोटारींनी व्यापलेला आहे. मोटारीत एक माणूस, बसमध्ये साठ. कोंडीत दोघांची गती एकच! २०१९ च्या अखेरीस सिल्क बोर्ड ते कृष्णराजपुरम या पट्ट्यात बससाठी स्वतंत्र मार्गिका आखण्यात आली होती. पुढे मेट्रोच्या बांधकामात ती नाहीशी झाली.

आणि रेल्वे? ‘बेळ्ळंदूर रोड’ नावाचे स्थानक बैयप्पनहळ्ळी–होसूर लोहमार्गावर उभे आहे, पण तेथे दिवसातून मोजक्याच गाड्या थांबतात. हा मार्ग एकेरी बांधलेला; त्याच्या दुहेरीकरणाचे काम रेंगाळत चालले. ऑक्टोबर २०२० मध्ये केंद्राने सुमारे १४८ किलोमीटरच्या उपनगरीय रेल्वेस मंजुरी दिली, खर्च १५,७६७ कोटी रुपये. २० जून २०२२ रोजी पंतप्रधानांनी कोनशिला बसवून चाळीस महिन्यांचा वायदा केला. ऑक्टोबर २०२५ मध्ये ती मुदत उलटली, तेव्हा चार मार्गांपैकी एकही सुरू झालेला नव्हता. हीलळिगे–राजानुकुंटे हा ‘कनक’ मार्ग याच बेळ्ळंदूर रोडवरून जावयाचा आहे.

बारा डब्यांची एक लोकल चार हजारांवर माणसे वाहते. त्यांना साठाहून अधिक बसगाड्या लागतील. तेव्हा पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढे रेल्वेला पर्याय नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. परंतु मुंबईचे चित्र गोंडस करून सांगणे अप्रामाणिक ठरेल. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दारात लोंबकळणारे प्रवासी पडून मृत्युमुखी पडले. स्वस्त पास दिला आणि गाड्या पुरेशा वाढविल्या नाहीत, तर त्याची किंमत माणसे अशी मोजतात. शिवाय लोकलमधून उतरलेल्याला बेस्टची बस हवी असते. त्या बसचे किमान भाडे २०१९ मध्ये पाच रुपयांवर आणले होते, ते मे २०२५ मध्ये दहा झाले. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने असे काढून घेतले जाते.

म्हणून येथील कामगारांमध्ये जाताना ‘रेल्वे की बस’ असा कौल मागू नका. कामाची पाळी किती वाजता सुटते, तेव्हा बेळ्ळंदूर रोडला कोणती गाडी असते, आणि स्थानकापासून घरापर्यंत काय मिळते, हे वहीत उतरवून घ्या. दुहेरीकरण पुरे होण्याची वाट न पाहता आहे त्या मार्गावर सकाळ-संध्याकाळ जादा गाड्या, प्रत्येक गाडीला जोडून बस, बसची हिरावलेली मार्गिका, आणि दोहोंवर चालणारा एकच पास, या मागण्या त्या वहीच्या आधारे बस महामंडळ आणि रेल्वे या दोन्ही कचेऱ्यांत एकाच दिवशी दाखल झाल्या पाहिजेत. नाहीतर एक कचेरी दुसरीकडे बोट दाखवील.