‘ययाति’ कधी मुक्त होणार?
कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहिलेले लेखक वि. स. खांडेकर १९७६ साली वारले. भारतीय कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतरही ६० वर्षं कॉपीराइट टिकतो. म्हणजे त्यांची ‘ययाति’ ही कादंबरी सर्वांना मोकळी होईल ती १ जानेवारी २०३७ला! १९९२पूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. अमेरिकेने ती १९९८मध्ये ७० केली. तिथले कायद्याचे प्राध्यापक लॉरेन्स लेसिग त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात लढले, २००३ साली हरले. पण सहकाऱ्यांसोबत त्यांनी उभे केलेले ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाने, ज्यांतून लेखक आपलं लिखाण वापरायची मुभा सर्वांना आधीच देऊ शकतो, ते टिकले. मराठी विकिपीडिया त्यावरच चालतो. लेखकाला हयातीत मोबदला मिळायलाच हवा. त्याच्यामागे ६० वर्षं मात्र फार झाली. तोवर कितीतरी पुस्तकं बाजारातून नाहीशी होतात. साने गुरुजींची ‘श्यामची आई’ २०११पासून मुक्त आहे. ती निर्धास्तपणे छापा, वाचून दाखवा, वाटा.