रुळावरचा माल आणि आमचा रस्ता
(मंडळाच्या गणेशोत्सवातील व्याख्यानाचा संक्षेप)



चवथीला आम्ही माटोळी बांधतो. तिच्यातली नारळाची पेंड, सुपारीचा घड, रानातली फळे आमच्या मातीतली. पण पाहुण्यांना जेवू घालायचे तर डाळ, साखर, बटाटा बाहेरूनच येतो. बेळगावची भाजी चोर्ला घाटातून उतरते, महाराष्ट्रातला माल पत्रादेवीवरून येतो, आणि बहुतेक सगळा ट्रकने. मग रेल्वे कुठे आहे?

गोव्याला रेल्वे नवी नाही. मुरगाव ते कॅसलरॉक ही लाइन पोर्तुगीज काळात, 1888 साली सुरू झाली ती मुख्यतः बंदराच्या मालासाठी. पेडण्याला मात्र गाडी दिसायला आणखी शंभर वर्षे गेली. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वेचा संपूर्ण मार्ग सुरू झाला.

लोखंडी रुळावर लोखंडी चाक फिरते तेव्हा घर्षण फार कमी होते, म्हणून तेवढ्याच इंधनात रेल्वे ट्रकच्या कितीतरी पट माल ओढते. 58 वाघिणींची एक मालगाडी साधारण साडेतीन हजार टन नेते. डिचोलीच्या दहा टनी टिपरांचा हिशेब केला तर या साडेतीनशे खेपा झाल्या.

तरीही स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत देशातला 80 टक्क्यांहून अधिक माल नेणारी रेल्वे आज 30 टक्क्यांच्याही खाली आली आहे. राष्ट्रीय रेल्वे योजनेत 2030 पर्यंत हा वाटा 45 टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट आहे. घसरण का झाली? ट्रक दुकानाच्या दारात उभा राहतो. रेल्वेला माल नेऊन द्यावा लागतो, तिकडून पुन्हा उचलावा लागतो. पाच टन मालासाठी अख्खी मालगाडी कोण मागणार?

यावर कोकण रेल्वेने 1999 साली चांगला तोडगा काढला. कोलाड ते वेर्णा भरलेला ट्रक ड्रायव्हरसकट सपाट वाघिणीवर चढवायचा, हीच ‘रो-रो’. घाटातले डिझेल, टायर आणि ड्रायव्हरची झोप, तिन्ही वाचतात. 2025 च्या चवथीत याच मार्गावर खासगी मोटारींसाठीही ही सोय झाली. पेडण्याच्या दृष्टीने पाहिले तर असा प्रत्येक ट्रक आमच्या हायवेवरून एक कमी होतो.

अडचणी आहेत. मार्ग मोठ्या भागात एकेरी आहे. जुलै 2024 मध्ये पेडण्याच्या बोगद्यात पाणी आणि चिखल शिरला, तेव्हा कितीतरी गाड्या रद्द कराव्या लागल्या किंवा दुसरीकडून वळवाव्या लागल्या. डोंगर पोखरून केलेल्या मार्गाची देखभाल हा मालवाहतुकीचाच भाग आहे, हे त्या दिवसांनी शिकवले.

आता डिचोलीकडे वळू. 2010-11 साली गोव्यातून पाच कोटी टनांहून अधिक लोहखनिज निर्यात झाले. खाणीपासून जेटीपर्यंत टिपर, तिथून बार्ज, पुढे मुरगाव. एक बार्ज शे-दीडशे टिपरांचा माल सहज नेते; म्हणजे नदी ही आमची रेल्वेच. त्रास झाला तो मधल्या थोड्या किलोमीटरांचा. शाळेच्या वाटेवर टिपरांची रांग, भाताच्या खाचरांत लाल चिखल. 2012 आणि 2018 च्या बंदीने धूळ बसली, पण चुलीही थंडावल्या. ज्यांनी कर्ज काढून टिपर घेतला होता त्यांना विचारा. आता खाणी पुन्हा सुरू होत असताना माल कोणत्या वाटेने जाईल, हे गावाने आधी विचारले पाहिजे.

काही जण म्हणतील, रेल्वे म्हणजे कोळसाही आला. खरे आहे. दक्षिण गोव्यातल्या लोकांनी दुपदरीकरणाला विरोध केला तो याच भीतीने, आणि 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अभयारण्यातून जाणाऱ्या टप्प्याची वन्यजीव मंजुरी रद्द केली. म्हणून आमचे म्हणणे एवढेच: रेल्वे हवी की नको, हा प्रश्न अर्धा आहे. कोणाचा माल, कोणत्या गावातून, आणि त्या गावाच्या पदरात काय, हा उरलेला अर्धा. पेडण्याचे काजू आणि मिरची गाडीत चढण्याची सोय झाली, तर ती गाडी आम्हाला आपली वाटेल.

विघ्नहर्त्याकडे रस्त्यावरचे विघ्न दूर करण्याचे मागणे मागू, आणि आमच्या वाट्याचे काम आम्ही करू.

गणपती बाप्पा मोरया!