मासिकातला डेव्ह



पत्रिकेवर विषय छापलाय 'बालपणीचे संगणकखेळ'. त्यामुळे पुढे नेहमीचे श्रोते आणि मागे चाळिशीतली मंडळी, असा आजच्या सभागृहाचा देखावा आहे. मागच्यांना त्या खेळांतला डेव्ह कोण हे सांगायला नको. पुढच्यांनी घरी जाऊन मुलांना विचारावं. (हशा) शाळेत कॉम्प्युटर लॅबच्या दाराशी चपला काढायच्या, डॉसच्या काळ्या पडद्यावर चार अक्षरं टाइप करायची, चषक उचलायचा आणि दार गाठायचं. आमच्यातले काहीजण त्याला 'दवे' म्हणत. पोरगा गुजराती आहे असाच समज होता. (हशा)

पण मी आठवणी काढायला आलेलो नाही. माझं भांडण श्रेयावरून आहे. जो तो म्हणतो, डेव्ह हा खेळ लिहिणाऱ्या जॉन रोमेरोचा. खरं आहे, पण अर्धंच. डेव्ह मासिकांचा! अमेरिकेत तेव्हा फ्लॉपीवर नियतकालिकं निघत. अंक टपालानं घरी यायचा. त्यात लेख, उपयोगी प्रोग्रॅम, एखादा खेळ. रोमेरोनं १९८८ मध्ये ॲपल टूवर डेव्ह लिहिला तो 'अपटाइम' नावाच्या अशाच एका डिस्क-मासिकासाठी, स्वतःच्या एका लेखाला जोडलेलं उदाहरण म्हणून. आपण खेळलो ती पीसीवरची आवृत्ती १९९० ची, लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या सॉफ्टडिस्क कंपनीची. ही मंडळी १९८१ पासून डिस्कवर मासिक काढत होती. आता गंमत बघा. डेव्ह हिंडतो चाच्यांच्या ओसाड अड्ड्यात, आणि आपल्याकडे तो पोचला नकललेल्या फ्लॉप्यांवरून. वर्गणी आपल्यापैकी कुणी भरली? समोर दोन प्रकाशक बसलेत, त्यांनी एवढं ऐकलं नाही असं समजावं.

तर माझं म्हणणं असं की, अंकाची तारीख डोक्यावर असल्याशिवाय माणूस नवं काही करत नाही. मागून कुणीतरी 'दिवाळी अंक' म्हणालं. ऐकलं मी. तारखेपायी वाईटही खूप छापलं जातं, कबूल. पण ते वेगळं व्याख्यान आहे, आणि त्याचं मानधन वेगळं. (हशा)

सॉफ्टडिस्कमध्ये रोमेरो 'गेमर्स एज' ही खेळांची वर्गणी-योजना सांभाळत होता. त्याचा जोडीदार प्रोग्रॅमर जॉन कारमॅकही तिथेच. इथे एक किस्सा सांगतोच, थोडक्यात. टेक्ससमध्ये अपोजी या प्रकाशनाचा स्कॉट मिलर होता. त्याला रोमेरोला गाठायचं होतं, पण कंपनी टपाल फोडून वाचत असेल ही धास्ती. मग यानं काय करावं? वेगवेगळ्या नावांनी चाहत्यांची पत्रं धाडली! रोमेरो खूश. पत्रं भिंतीवर लावली. पुढे एका मासिकात त्याला मिलरचा पत्ता दिसला. भिंतीकडे बघतो, तर सगळ्या पत्रांवर तोच पत्ता. म्हणजे बिंग फोडलं तेही मासिकानंच! आधी रोमेरो भडकला, मग बोलणी झाली आणि १९९० च्या डिसेंबरात रोमेरो-कारमॅक मंडळींचा 'कमांडर कीन' हा खेळ अपोजीकडून आला. पहिला भाग फुकट, पुढचे हवे असतील तर पैसे पाठवा. स्वतःच्याच पुस्तकाबद्दल टोपणनावानं वाचकपत्रं लिहिणारे लेखक आपल्याकडेही आहेत म्हणतात. पण प्रकाशकानं लेखकाला चाहता बनून पत्रं लिहावीत? (हशा, पहिल्या रांगेतही)

घंटा झाली? अहो, मुद्दा तर आत्ता येतोय. भराभर सांगतो. 'कीन' तयार झाला सॉफ्टडिस्कच्या यंत्रांवर. शनिवार-रविवार ती घरी नेली जात. प्रकरण उघडकीला आलं. १९९१ मध्ये या मंडळींनी इड सॉफ्टवेअर ही कंपनी काढली, पण तडजोड म्हणून 'गेमर्स एज'साठी खेळ देत राहणं भाग पडलं. हा रतीब घालता घालताच त्याच वर्षी 'होव्हरटँक' आणि 'कॅटाकॉम्ब थ्रीडी' झाले. दुसऱ्यात भिंतींवर चित्रं चढली, पडद्यावर खेळणाऱ्याचा हात दिसू लागला. त्यानंतर 'वुल्फेनस्टाइन' १९९२ चा आणि 'डूम' १९९३ चा. ते सगळ्यांना ठाऊक आहेत. पण हात पहिल्यांदा दिसला तो त्या वर्गणीदारांना, ठरल्या अंकात, आणि कंपनीची देणी फेडण्यासाठी.

हो हो, बसतो. वाद घालायचा असेल त्यांनी खाली चहापाशी यावं. दिवाळी अंकवाल्या गृहस्थांनी आधी.